पांढरं पडलेलं कडं

मुंगीच्या मनगटातलं सोन्याचं कडं पांढरं पडलं, तेव्हा मी घाबरायला हवं होतं. मी चिडले.

मुंगी म्हणजे माझी नात. वय दोन वर्षं चार महिने. जमिनीवर कण दिसला की तो उचलल्याशिवाय ती पुढे पाऊल टाकत नाही, म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिचं खरं नाव आता फक्त लसीच्या कार्डावर उरलंय. मुलगा आणि सून दोघंही नोकरी करतात, त्यामुळे सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा ती आमच्याकडे असते.

कडं तिला मामाने दिलेलं. मामा म्हणजे सुनेचा थोरला भाऊ. माणूस गोड बोलणारा, आणि गोड बोलणाऱ्या माणसांशी माझं पहिल्यापासून जमत नाही. त्या दिवशी सकाळी मुंगीचे हात धुताना मला दिसलं की कड्याची खालची बाजू, म्हणजे हात टेकला की जमिनीला लागते ती, पांढरीफटक झालीये. टॉवेलने घासलं. जाईना. नखाने खरवडलं तरी जाईना. फुटलं ना बिंग, असं मी मोठ्याने म्हटलं आणि लगेच सुनेला तिच्या ऑफिसात फोन लावला.

काय बोलले ते लपवत नाही. तुझ्या भावाने पोरीला सोन्याचं पाणी चढवलेलं काहीतरी दिलंय, आणि वर्षभरात पाणी उतरलंसुद्धा, असं बोलले.  ती म्हणाली, आई, पावती आहे माझ्याकडे. मी म्हटलं, पावती काय, कोणीही छापून देतं. त्यावर तिने आपण कामात असल्याचं सांगून फोन ठेवला.

मला वाईट वाटलं असेल असं कोणाला वाटेल, पण नाही वाटलं. मी खूश होते. साबण लावून कडं मुंगीच्या हातातून सोडवलं, रुमालात बांधलं आणि दुपारी सोनाराकडे जाऊन पुरावाच आणायचा असं ठरवून टाकलं.

आता त्या खोक्याबद्दल सांगायला हवं, कारण कडं पांढरं कशाने पडलं ते त्या खोक्यात होतं.

आमचे हे चाळीस वर्षं वजनमापं खात्यात होते. दुकानादुकानांतून जाऊन वजनकाटे तपासायचे, खोटा काटा सापडला की जप्त करायचे. निवृत्त झाल्यावर हात मोकळे झाले आणि त्या मोकळ्या हातात मुलाने फोन दिला. फोनमध्ये यांना ऑनलाइन लिलाव सापडला. जुनी मापं, जुन्या फूटपट्ट्या, दिशा दाखवणारी यंत्रं, असलं काहीबाही तिथे विकायला येतं. शेवटच्या दोन मिनिटांत बोली लावताना हे श्वास रोखून बसतात. घरात आग लागली तरी उठणार नाहीत.

या वेळी यांनी बॅरोमीटर जिंकलं. हवेचा दाब मोजायचं जुनं यंत्र. लांब लाकडी अंग, मध्ये घड्याळासारखी गोल तबकडी आणि तिच्यावर काटा. मी विचारलं, याचा उपयोग काय. म्हणाले, पाऊस येणार की नाही ते सांगतं. मी म्हटलं, ते खिडकीही सांगते.

पार्सल आलं तेव्हा त्याचा एक कोपरा पार चेपला होता. कोणीतरी वर बसल्याशिवाय तसा चेपत नाही. पार्सलवाला सही मागायला लागला. यांनी त्याला दहा मिनिटं उभं करून त्याच्या फोनवरच्या सहीच्या चौकोनात बोटाने 'खोकं चेपलेलं' असं लिहिलं. मग कंपनीला तक्रार गेली आणि कंपनीचं उत्तर आलं. खोकं उघडू नये, पॅकिंग काढू नये, हलवू नये, दहा दिवसांत आमचा तपासनीस येऊन नुकसान पाहून जाईल.

दुसरा कोणी असता तर त्याने मुकाट्याने खोकं उघडून पाहिलं असतं. यांनी नियम शब्दशः पाळला. पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या स्टुलावर खोकं आल्या दिवशी ठेवलं ते तिथेच राहिलं, कारण तिथे उजेड चांगला पडतो आणि फोटो स्वच्छ येतात. रोज सकाळी बरोबर नऊ वाजता पाचही बाजूंनी फोटो काढायचे आणि कंपनीला पाठवायचे. नोकरी सुटली, पंचनामा सुटला नाही.

त्या खिडकीतून दुपारभर ऊन येतं. खिडकी मी बंदच ठेवते, कारण रस्त्याची धूळ येते. आणि स्टुलापासून दोन हातांवर मुंगीची गादी असते. जेवण झालं की ती तिथे दीड तास झोपते.

चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते, दोन्ही हात भरलेले, आणि मुंगीने पायाला मिठी मारून रडं लावलं. खोक्याच्या फाटक्या कोपऱ्यातून फुग्यांच्या प्लॅस्टिकचं एक टोक बाहेर आलं होतं. मी हात पुसून वीतभर प्लॅस्टिक ओढून फाडलं आणि तिच्या हातात दिलं. वीस मिनिटं घर शांत. नुसता फुगे फुटण्याचा टकटक आवाज. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दिवसांत चार वेळा मी तिथून प्लॅस्टिक काढलं, आणि यांना सांगितलं नाही. कोपरा मोठा झालाय हे यांनी फोटोत टिपलं आणि तेही कंपनीच्याच माथी मारलं. मी कपबश्या विसळत गप्प बसले.

त्याच दिवसांत स्टुलाखाली बारीक चमकते मणी दिसायला लागले. मुंगीच्या एका फ्रॉकच्या गळ्याला तसले मणी आहेत. तेच सुटले असतील म्हणून मी व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. मला केर सहन होत नाही. रोज फिरवला, तिन्ही खोल्यांत फिरवला. एकदा मुंगी स्टुलाखाली बोट दाखवून मला म्हणाली, "आजी, मणी पळतो."

मी म्हटलं, पळू दे, पाय फुटले असतील त्याला.

नवव्या दिवशी सकाळी कड्याची भानगड झाली, आणि त्याच दिवशी दुपारी चारला तपासनीस येणार होता. मुंगीला यांच्यापाशी ठेवून मी तीन वाजता सोनाराकडे गेले.

सोनार आमच्या ओळखीचा. कपाळावर भिंग चढवून बसलेला असतो आणि बोलताना ते खाली घेत नाही. मी रुमाल सोडून कडं त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, हे सोनं आहे का ते सांगा, आणि मोठ्याने सांगा. तो हसला. सवयीने त्याने एका हातात चिमटा घेतला, दुसऱ्या हाताने बर्नर पेटवला. कडं ज्योतीकडे नेता नेता त्याचा हात थांबला. भिंग डोळ्यावर आलं. मग त्याने बर्नर बंद केला, कडं काचेच्या एका बाटलीत टाकून झाकण घट्ट लावलं, आणि उठून आतल्या नळावर हात धुऊन आला. चांगले दोनदा धुतले. 

"घरात काही फुटलंय का?" त्याने विचारलं. "थर्मामीटर, जुनं रक्तदाबाचं यंत्र? पारा असलेलं काहीही?"

मी नाही म्हटलं. सोनं खरं की खोटं तेवढं सांगा, असंही म्हटलं.

"सोनं खरंय. खरंय म्हणूनच पाऱ्याने धरलंय. तुमचा हात बघू."

मी हात पुढे केला. माझ्या अंगठीच्या आतल्या बाजूला, तळव्याकडे, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. मला तो दिसलाच नव्हता. सोनाराने माझा हात सोडला आणि कड्याच्या बाटलीकडे पाहिलं. कड्याचं माप त्याला कळत होतं.

"मूल किती मोठंय?" तो म्हणाला.

मी सांगितलं. तो हळू आवाजात बोलायला लागला, आणि मला त्याच्या हळू बोलण्याचीच जास्त भीती वाटली. पूर्वी त्यांच्या धंद्यात पारा तापवायचे. पारा दिसतो तेवढा वाईट नाही, म्हणाला, त्याची वाफ वाईट. ती दिसत नाही, तिला वास नाही. त्याच्या वडिलांना शेवटी शेवटी पाण्याचा पेला धरता येत नव्हता, इतके हात कापायचे. आणि ते मोठे माणूस होते. घरी जा, म्हणाला, मुलीला आधी बाहेर काढा, बाकी सगळं मागाहून.

दुकानाच्या पायरीवर मला मुंगीचं बोलणं आठवलं. मणी पळतो. पाऱ्याचा थेंब पळतो, हे मला शाळेपासून माहीत होतं. लहानपणी आमच्या घरी थर्मामीटर फुटलं होतं तेव्हा मी स्वतः तो पाटावर पळवला होता. दोन वर्षांच्या पोरीने जे दिसलं ते अगदी बरोबर सांगितलं, आणि मी ते चेष्टेवारी नेलं.

यांना फोन लावला. उचलेनात. तपासनिसाच्या भेटीचं चित्रण करायचं म्हणून यांनी फोन तिवईवर लावून ठेवला होता, त्याचा आवाज बंद करून. मी पुन्हा पुन्हा लावत चालत राहिले आणि मग पळायला लागले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तीन वर्षांत मी पळाले नव्हते. सोनाराच्या दुकानापासून घर अकरा मिनिटांवर आहे, हे मला माहीत आहे, कारण मी नेहमी ते सगळ्यांना कौतुकाने सांगते. त्या दिवशी रस्ता संपेना. दर श्वासाला मला वाटत होतं की या क्षणी ती श्वास घेतेय, त्या खोलीत, त्या बंद खिडकीखाली. खिडकी मीच बंद केली होती. निघताना पुन्हा एकदा कडी नीट लागलीये ना ते पाहूनही आले होते.

दार उघडलं तेव्हा हे स्टुलापाशी जमिनीवर बसले होते. मुंगी यांच्या मांडीवर. खोक्यावर ऊन पडलेलं. तपासनीसकाका येणार, मग आपण खोकं उघडणार, असं हे तिला समजावत होते आणि ती टाळ्या वाजवत होती.

"उठा," मी म्हटलं. "तिला घेऊन बाहेर या. आत्ता."

"अगं, चार वाजता तो—"

"पारा आहे त्यात. सांडलाय."

"काट्याचं यंत्र आहे ते. काटा म्हटल्यावर मागे स्प्रिंग असते. पारा कुठून—"

आणि हे थांबले. चाळीस वर्षं यांनी वजनकाट्यांचेच काटे पाहिले होते, आणि प्रत्येक काट्यामागे स्प्रिंग निघाली होती. बॅरोमीटरच्या काट्यामागे पाऱ्याने भरलेली काचेची वाकडी नळी असू शकते, हे विकणाऱ्याने लिहिलं नव्हतं आणि यांनी विचारलं नव्हतं. माप या विषयात आपल्याला कोणाला काही विचारावं लागेल असं यांना वाटलंच नव्हतं. यांनी मान वाकवून स्टुलाखाली पाहिलं. जमिनीच्या लाकडी फळ्यांच्या फटीत बारीक चमक होती. मुंगीला छातीशी धरून हे उठले ते इतके घाईने की तिवई आडवी झाली; तिच्यावरचा फोन तेवढा यांनी उचलून घेतला.

आम्ही जिन्यात आलो. तिचे सगळे कपडे उतरवले, गच्चीवर वाळत घातलेली चादर आणून तिच्यात तिला गुंडाळलं. ती हसत होती. तिला वाटलं आंघोळ आहे. मी तिचा चेहरा पाहत होते, डोळे, हात. हात कापतायत का, हे पाहायला तिची बोटं माझ्या तळव्यावर धरली. कापत माझाच हात होता, त्यामुळे काही कळेना.

मोठ्या दवाखान्यातल्या विषबाधेच्या विभागाला यांनी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडची बाई शांतपणे एकेक प्रश्न विचारत गेली. काय फुटलं. कधीपासून. खोली बंद होती का. ऊन येतं का. मूल तिथे झोपतं का. तोंडात घातलं का. मी उत्तरं देत गेले आणि प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा वाईट होतं. मग तिने विचारलं, झाडून काढलंत का.

"व्हॅक्यूम क्लीनर फिरवला," मी म्हटलं. "रोज."

 कोणकोणत्या खोल्यांत, तिने विचारलं. सगळ्या, मी म्हटलं. तेवढं एक करायला नको होतं, असं ती म्हणाली. यंत्र गरम होतं आणि पारा वाफ होऊन घरभर पसरतो. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पुन्हा घरात पाऊल टाकू नका, मुलीला घेऊन लगेच या, आणि गळती नक्की कोणत्या दिवशी सुरू झाली ते आठवून या, असं तिने सांगितलं. किती दिवस ती वाफ पोरीच्या छातीत गेली त्यावर सगळं अवलंबून आहे.

तेवढ्यात तपासनीस जिना चढून आला. हातात फायली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आम्हा दोघांना आणि चादरीतल्या मुंगीला पाहून त्याने विचारलं, तक्रार तुमचीच ना. मग छापील प्रश्न सुरू केले. खोकं हलवलंय का. पॅकिंग कोणी काढलंय का. काढलं असेल तर नुकसानीचा दावा टिकणार नाही, हेही त्याने सांगून टाकलं.

मी यांच्याकडे पाहिलं. पाच दिवस मनात ठेवलेलं तोंडातून निघालं.

"मी काढलं. चार वेळा. हिला खेळायला दिलं."

"मला माहीत होतं," हे म्हणाले. "फुगे फुटताना आवाज येतो. मी काही बहिरा नाही."

चाळीस वर्षं एकाही खोट्या मापावर शिक्का न मारणाऱ्या माणसाने माझ्यासाठी कंपनीला खोटं लिहिलं होतं. एरवी मला भरून आलं असतं. त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं की हे तेव्हाच माझ्यावर ओरडले असते, तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वेळेचं प्लॅस्टिक तिच्या हातात गेलं नसतं. पारा कशात आहे ते मी तपासनिसाला सांगितलं. तो दोन पायऱ्या खाली उतरला. मग आणखी दोन. असलं पार्सल घ्यायचंच नसतं, असं तो खालून म्हणाला, आणि रस्त्यावर जाऊन कोणाला तरी फोन लावायला लागला. दिवसभर फुटकीतुटकी खोकी पाहणारा माणूस आमच्या दारातून पळाला, तेव्हा उरलीसुरली आशाही माझ्यातून गेली.

टॅक्सीत हे फोनमधले फोटो उघडून बसले. रोज नऊ वाजता, पाच बाजूंनी. पहिल्या चार दिवसांत स्टुलाखाली काही नव्हतं. पाचव्या दिवशी जमिनीवर एक चमकता ठिपका होता, फोटो मोठा केल्यावरच दिसणारा. सहाव्या दिवशी पाच-सहा. सातव्या दिवशीच्या फोटोत खोक्याचा कोपरा अगदी स्वच्छ आला होता, आणि त्याच्या खाली, कडेला, उकिडवी बसलेली मुंगी होती. तिचं बोट एका थेंबावर टेकलेलं होतं आणि कडं जमिनीला लागलेलं. हा फोटोही यांनी कंपनीला पाठवला होता. यांनी फोटोत फक्त खोकं पाहिलं होतं.

आता सुनेला फोन करायचा होता. मुलगा कामासाठी बाहेरगावी होता, उद्या येणार होता. मी नंबर काढला आणि तसाच धरून बसले. सांगायची सोपी तऱ्हा माझ्याजवळ तयार होती. कंपनीने खोकं आपटलं, आतलं फुटलं, आम्हाला कळलंच नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. प्लॅस्टिक नाही, व्हॅक्यूम नाही, मणी पळतो नाही. कड्याचं तर सकाळीच मिटलं होतं. मामा खोटा ठरला होता आणि तो तसाच राहिला तरी कोणाचं काही अडणार नव्हतं. मी खरं सांगितलं, तर मुंगी पुन्हा माझ्या घरात सकाळी साडेआठला येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. ती माझ्या मांडीवर चादरीच्या टोकाशी खेळत होती. तिचं डोकं माझ्या हनुवटीला लागत होतं. मला दोन गोष्टींची भीती होती, आणि दुसरीची मला लाज वाटत होती.

सुनेने फोन उचलला. मी सगळं सांगितलं, काही न गाळता, आणि शेवटी कडं खरं असल्याचंही सांगितलं.  तिने फक्त दवाखान्याचं नाव विचारलं.

ती आमच्या आधी पोचली होती. तिने मुंगीला माझ्याकडून घेतलं आणि पाठ केली. डॉक्टर फोटो पाहत होते. पाचव्या दिवसापासून धरलं तर पाच दिवस होतात, असं ते म्हणाले. रक्त घेतलं, लघवी घेतली, पायाच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या, बोटांत पेन धरायला दिलं. पेन तिने नीट धरलं आणि खाली टाकलं. ते उचलायला ती वाकली, तसे आम्ही तिघंही एकदम तिच्यावर झेपावलो. सून, हे आणि मी. मुंगी दचकली आणि रडायला लागली. एवढी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि तिला घाबरवलं ते आम्हीच.

रिपोर्ट यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत सून माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी समोरच्या बाकावर बसून फरशी पाहत होते. तिथेही मला थेंब दिसत होते. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की पारा रक्तात आहे, असायला हवा त्याहून जास्त आहे, पण औषध सुरू करण्याएवढा नाही. शरीर तो हळूहळू टाकून देईल. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू, मग पुन्हा. महिनाभर कळलं नसतं, तर मात्र वेगळं बोलावं लागलं असतं. मग त्यांनी विचारलं, कळलं कसं तुम्हाला.

मी उत्तर द्यायच्या आत सून बोलली. "कड्यामुळे. माझ्या भावाने दिलेलं."

"खरं होतं म्हणून कळलं," मी म्हटलं. "खोटं असतं तर पांढरं पडलं नसतं."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता सगळं बाहेर पडेल, आणि मी तयार होते.

"हे तुम्ही दादाला फोन करून सांगा, आई," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

मी सांगितलं. मामा नेहमीसारखाच गोड बोलला. त्याने मुंगीचं विचारलं, कड्याचं नाही. या वेळी मला त्याच्या गोड बोलण्यात काही खोट सापडली नाही.

आमचं घर दोन महिने बंद राहिलं. तोंडावर मुखवटे चढवलेली माणसं येऊन फळ्या उचकटून गेली. गादी, गालिचा, व्हॅक्यूम क्लीनर, खोकं, सगळं डब्यांत बंद करून नेलं. दावा अर्थातच फेटाळला गेला. यांनी फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं की पॅकिंग आम्ही काढलं. लिलाव यांनी फोनमधून काढून टाकला. आम्ही मुलगा-सुनेच्या घरी राहायला गेलो, कारण सुनेनेच या म्हटलं. पण तिने रजा घेतली होती, आणि मुंगी मी एकटी असताना माझ्याजवळ कधीच नसायची. सून पाणी प्यायला उठली तरी तिला उचलून बरोबर घ्यायची.  रात्री झोप लागायच्या आधी मी मुंगीच्या बोटांचा विचार करायचे. पेन कसं धरलं, चमचा कसा धरला, काल धरला तसाच आज धरला का.

पहिल्या तपासणीत आकडा उतरला. दुसऱ्या तपासणीत आणखी. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी फाइल मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सून ऑफिसचे कपडे घालून बाहेर आली. मुंगीला तिने माझ्या मांडीवर बसवलं. संध्याकाळी सहाला येते, एवढंच म्हणाली. दार लागल्यावर मी बराच वेळ हललेच नाही, हललं तर काहीतरी सांडेल म्हणून.

दुपारी मी मुंगीच्या फ्रॉकला बटण लावत होते. बटण हातातून निसटलं, जमिनीवर पडलं, गोल गोल फिरत तिच्या पायाशी जाऊन थांबलं. लाल, मोठं बटण. दीड महिन्यापूर्वी ते जमिनीला टेकायच्या आधी तिने झेललं असतं.

मुंगीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "आजी," ती म्हणाली, "मणी पळतो."

मी तिला सांगितलं की मणी नाही, बटण आहे, आपल्या फ्रॉकचं आहे, घे. तिने मान हलवली. मी बटण उचलून माझ्या तळव्यावर ठेवलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. हे बघ, आजीने धरलंय, आजीला काही झालं नाही. ती माझ्या हाताकडे पाहत राहिली, आणि तिची बोटं पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकलेली होती. सहा वाजता सून आली, तेव्हा बटण माझ्याच हातात होतं.